पेरू की ग्वाटेमाला? अवशेष, वसाहतकालीन शहरे आणि वर्षावन एकाच सहलीत पाहायचे असेल तर

प्राचीन अवशेष, स्पॅनिश वसाहतकाळातली शहरे आणि वर्षावनातले प्राणी-पक्षी या तिन्ही गोष्टी एकाच मार्गदर्शित सहलीत पाहायच्या, असे ठरवून लॅटिन अमेरिकेकडे वळणाऱ्यापुढे बहुधा दोन मार्ग ठेवले जातात. पहिला पेरूचा. त्यात लिमा, कुस्को, माचू पिच्चू आणि तिथून खाली अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले तांबोपाता किंवा मानू येते. दुसरा ग्वाटेमालाचा. त्यात वसाहतकालीन अँटिग्वा आणि माया लोकांच्या अवशेषांचे तिकाल असतेच, आणि सवड असेल तर शेजारचे बेलिझ किंवा होंडुरासमधले कोपान हे माया नगर जोडता येते. दोन्हींची कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसत नाही. प्रत्यक्षात या दोन सहलींची घडणच वेगळी आहे. ग्वाटेमालात अवशेष जंगलाच्या आत आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच पायवाटेवर भेटतात. पेरूत मात्र समुद्रकाठचे शहर, विरळ हवेतली इंकांची जुनी राजधानी, डोंगराच्या सोंडेवरचे नगर आणि जवळजवळ सपाटीवरचे जंगल हे चार वेगळे प्रदेश असून त्यांना विमान, रेल्वे आणि नाव यांनी जोडावे लागते.

अवशेष आणि शहरे यांबाबत दोन्हींकडे समाधान मिळते, त्यामुळे निवड जंगलाकडे पाहून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा एकत्रित सहलींत वेळेची काटकसर बहुधा जंगलाच्याच वाट्याला येते, आणि घाई सर्वांत कमी खपवून घेणारी गोष्टही तीच आहे.

जंगल कोणते आणि किती

पेरूच्या आग्नेय भागातील तांबोपातासाठी पुएर्तो माल्दोनादो हे छोटे शहर गाठावे लागते. कुस्कोहून तिथे विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येते, पण पुढचा प्रवास नदीतून आहे. शहराजवळची लॉज थोड्या वेळात येतात. आतली, अधिक चांगल्या जंगलातली लॉज गाठायला लांब नावेतून काही तास वर जावे लागते. तिथल्या पहाटेचे मुख्य आकर्षण म्हणजे कोल्पा, म्हणजे नदीकाठची मातीची उघडी दरड. उजाडताना तिच्यावर पोपट आणि मकाव पक्षी थव्यांनी उतरतात आणि माती खातात. समुद्रापासून दूर असलेल्या पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये वनस्पतींतून सोडियम फार कमी मिळते आणि ते या मातीतून भरून काढले जाते, असे संशोधकांचे प्रमुख मत आहे. पाऊस असला तर पक्षी सहसा उतरत नाहीत, म्हणून एकच पहाट हाती ठेवून जाणे हा जुगार ठरतो. याच परिसरात वळणदार नद्यांच्या जुन्या पात्रांपासून तयार झालेल्या तळ्यांत महाकाय पाणमांजरांची कुटुंबे राहतात. काठावर केमन मगरी आणि कॅपिबारा हे मोठे कृंतक प्राणी दिसतात, आणि कोरड्या ऋतूत पाणी उतरल्यावर वाळूच्या पट्ट्यावर जॅग्वार दिसण्याची शक्यताही असते. ती शक्यताच आहे, त्यामुळे कोणी खात्री देत असेल तर सावध राहावे.

दोन रात्रींचा तांबोपाता म्हणजे प्रत्यक्षात एक पूर्ण दिवस, हे लक्षात घेऊन किमान तीन रात्री मागाव्यात, आणि चार मिळाल्या तर उत्तम. मानू राष्ट्रीय उद्यान याहून समृद्ध आहे. कुस्कोहून रस्त्याने अँडीज ओलांडून ढगाळ डोंगरी जंगलातून खाली उतरताना उंचीगणिक पक्षी बदलत जातात. मात्र त्यासाठी पाच-सहा दिवस हवेत, आणि तिन्ही गोष्टींच्या एकत्रित सहलीत ते बसवणे कठीण असते.

ग्वाटेमालातील तिकालचे जंगल दुसऱ्या प्रकारचे आहे. 1955 मध्ये स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान 576 चौरस किलोमीटरचे असून 1979 पासून युनेस्कोच्या यादीत सांस्कृतिक आणि नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर आहे. उद्यानाच्या आत मोजकी हॉटेले आहेत आणि त्यांतच राहावे, असा माझा आग्रह आहे. जवळच्या फ्लोरेस शहरातून रोज ये-जा केली तर पहाट आणि संध्याकाळ दोन्ही हुकतात. हाउलर माकडांची गर्जना पहाटे अंधारातच सुरू होते, आणि ती प्रथम ऐकणाऱ्याला एवढ्याशा प्राण्याचा हा आवाज आहे यावर विश्वास बसत नाही. स्पायडर माकडे मंदिरांच्या वरच्या फांद्यांतून जातात, लांब नाकाच्या कोआटी प्राण्यांचे कळप चौकात माती उकरत फिरतात, टूकान सहज दिसतात आणि निळसर-कांस्य रंगाची रानटर्की तर माणसाच्या जवळून चालत जाते. जॅग्वार याही जंगलात आहे, पण पर्यटकाला तो जवळजवळ कधीच दिसत नाही.

सारांश असा नव्हे की एक जंगल मोठे आणि दुसरे लहान. ज्याला प्रत्यक्ष अ‍ॅमेझॉन, नदीवरचे जगणे आणि पक्ष्यांची प्रचंड विविधता हवी आहे, त्याची तहान तिकालने भागणार नाही. ज्याला चालता चालता, फारशी यातायात न करता प्राणी पाहायचे आहेत, त्याला तिकालमधल्या दोन रात्री पेरूतल्या घाईच्या दोन रात्रींहून कितीतरी अधिक देतील.

दोन्ही जंगलांवर संकट आहे, आणि आपण भरलेला पैसा कुठे जातो याचा त्याच्याशी संबंध आहे. पुएर्तो माल्दोनादोच्या माद्रे दे दियोस प्रांतात बेकायदा सोनेखाणींनी नद्यांकाठची जंगले खरवडून काढली आहेत, आणि सोने वेगळे करताना वापरलेला पारा पाण्यात मिसळतो. तिकाल ज्या प्रांतात आहे त्या पेतेनमध्ये 1990 साली राखीव झालेल्या माया जीवावरण क्षेत्रात गुरांच्या कुरणांसाठी झाडे तोडली आणि जाळली गेली, पण ज्या भागांचे परवाने स्थानिक गावांकडे सामूहिकपणे आहेत तिथले जंगल लक्षणीयरीत्या टिकून आहे. म्हणून स्थानिक समाजाची मालकी किंवा भागीदारी असलेला मुक्काम मिळत असेल तर तो थोडा महाग असला तरी निवडावा.

दगड बोलतात आणि दगड गप्प राहतात

माचू पिच्चू प्राचीन नाही, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. ते पंधराव्या शतकात, इंका सम्राट पाचाकुती याच्या काळात उभे राहिले, म्हणजे आपल्याकडे दख्खनवर बहमनींचे राज्य होते त्या सुमारास. याउलट तिकालची प्रमुख उत्तुंग मंदिरे आठव्या शतकातली आहेत, म्हणजे वेरूळचे कैलास लेणे ज्या शतकात कोरले गेले त्या शतकातली. पेरूत याहून फार जुने काही पाहायचे असेल तर लिमाच्या उत्तरेला समुद्रकाठच्या वाळवंटी पट्ट्यातल्या कारालला जावे लागते. ते सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे, पण नेहमीच्या सहलीत नसते.

वयापेक्षाही मोठा फरक लिपीचा आहे. माया लोकांना पूर्ण विकसित लिपी होती. तिकालच्या शिलास्तंभांवर राजांची नावे, राज्यारोहणे आणि युद्धे तारखांसह कोरलेली आहेत, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती वाचता येऊ लागल्यामुळे चांगला मार्गदर्शक तिथे इतिहास अक्षरशः वाचून दाखवू शकतो. पहिल्या मंदिराखाली पुरलेला राजा हासाव चान काविल हा नाव, कारकीर्द आणि विजय यांसह ज्ञात आहे. इंकांनी मात्र गाठी मारलेल्या दोऱ्यांत, किपूंत, नोंदी ठेवल्या आणि त्या आजही पुरत्या उलगडलेल्या नाहीत. त्यामुळे कुस्को आणि माचू पिच्चू इथे बोलते ते काम. चुन्याशिवाय बसवलेले दगड, भूकंपात टिकून राहण्यासाठी आत कललेल्या भिंती, पावसाचे पाणी झिरपवणाऱ्या मजगी. स्थापत्याची आवड असलेल्याला पेरू अधिक धरून ठेवेल, तर राजवंशांच्या कथेत रमणाऱ्याला तिकाल.

माचू पिच्चूबद्दल एक व्यावहारिक सूचना महत्त्वाची आहे. प्रवेश वेळेच्या तिकिटावर असतो, तिकीट पासपोर्टच्या नावावर निघते, आणि 2024 पासून परिसर ठरावीक फेऱ्यांत विभागलेला असून एका फेरीचे तिकीट घेऊन दुसऱ्या फेरीत जाता येत नाही. छायाचित्रांत नेहमी दिसणारे दृश्य प्रत्येक फेरीतून दिसत नाही. सहलीत कोणती फेरी धरली आहे, हे प्रवास कंपनीकडून लेखी घ्यावे. तिकालमध्ये अशी बांधाबांध नाही. चौथ्या मंदिराच्या बाजूला लाकडी जिना आहे, आणि वरून दिसणाऱ्या हिरव्या पसाऱ्यातून बाकीच्या मंदिरांचे माथे वर आलेले दिसतात. 2018 साली जाहीर झालेल्या हवाई लेझर पाहणीत पेतेनच्या याच झाडीखाली साठ हजारांहून अधिक बांधकामांच्या खुणा आढळल्या, हे ठाऊक असले की त्या दृश्याचा अर्थच बदलतो.

शहरे

कुस्कोत स्पॅनिशांनी इंकांच्याच भिंतींवर आपली घरे आणि चर्च चढवली. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला, आणि 1950 च्या भूकंपात वरचे बांधकाम कोसळले तेव्हा खालच्या इंका भिंती उघड्या पडल्या. जेत्याने जिंकलेल्याला गाडायचे ठरवले तरी तो पायाशी शिल्लक राहिला, हे या शहरात चालताना पदोपदी दिसते. अँटिग्वाची कहाणी वेगळी आहे. 1543 मध्ये वसवलेली ही राजधानी 1773 च्या भूकंपांनी उद्ध्वस्त झाल्यावर 1776 मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीत हलवली गेली, आणि अर्धवट पडलेली चर्च, मठ आणि कमानी तशाच राहिल्या. रोगराईने ओसाड पडलेले जुने गोवे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सत्ता निघून गेल्यानंतर मागे राहणारी ही भव्यता लगेच ओळखीची वाटेल. फक्त अँटिग्वात माणसे आजही राहतात, बाजार भरतो, आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात रस्त्यांवर रंगीत भुशाचे व फुलांचे गालिचे घातले जातात. शहरांमध्ये माझी पसंती कुस्कोला आहे. दिवस असतील तर पेरूत पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचे आरेकिपाही जोडावे. लिमाला एक दिवस पुरतो.

शरीर, ऋतू आणि कागद

कुस्को सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक आणि जवळजवळ लेहइतके. लिमाहून थेट विमानाने तिथे उतरून त्याच दिवशी शहर पाहायला लावणारा कार्यक्रम मी कुणालाही सुचवणार नाही. विमानतळावरून आधी खाली, सुमारे 2,800 मीटरवरच्या पवित्र दरीत मुक्कामाला जावे, तिथून 2,430 मीटरवरचे माचू पिच्चू करावे आणि कुस्को शहर शेवटी ठेवावे. 5,000 मीटरवरील इंद्रधनुषी डोंगराची जोडसहल कार्यक्रमात भरीला घातलेली असेल तर ज्येष्ठांनी ती सोडून द्यावी. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज पेरूचे पैसे भरू नयेत. ग्वाटेमालात हा प्रश्नच नाही, कारण अँटिग्वा सुमारे 1,500 मीटरवर आहे आणि तिकाल तर त्याहून फार खाली. तिथे त्रास होतो तो उकाड्याचा.

ऋतूंचा हिशेब मराठी घरांसाठी निर्णायक ठरू शकतो. पेरूच्या डोंगरात मे ते सप्टेंबर कोरडा काळ असतो, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबाला मे महिना उत्तम. ग्वाटेमालात कोरडा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणून दिवाळीनंतर किंवा नाताळात निघणाऱ्यांनी तिकडे वळावे. डिसेंबर-जानेवारीत पेरू करणे म्हणजे माचू पिच्चूला ढग आणि जंगलात चिखल पत्करणे होय.

जेवणाची चिंता शाकाहारी लोक करतात तितकी करायला नको. ग्वाटेमालात मक्याच्या तोर्तिया आणि काळा घेवडा रोज मिळतो, मात्र घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो, म्हणून विचारावे. पेरूत बटाटे, मका आणि किनोआ यांवर दिवस छान निघतात, आणि जंगलातल्या लॉजला आधी कळवले तर व्यवस्था होते.

सुरक्षिततेबाबत कोणताच मार्ग निर्धोक म्हणता येणार नाही. 2023 च्या आरंभी राजकीय आंदोलनामुळे माचू पिच्चू काही आठवडे बंद होते; ग्वाटेमालात 2018 मध्ये फुएगो ज्वालामुखीचा प्राणघातक उद्रेक झाला. मेक्सिकोच्या चियापासमध्ये, ग्वाटेमालाच्या सरहद्दीलगत, अलीकडे टोळ्यांचा हिंसाचार वाढला आहे. त्यामुळे तिथले पालेंके हे माया अवशेष जोडून देणारी सहल स्वस्त वाटली तरी सरहद्द रस्त्याने ओलांडायची आहे का, हे आधी विचारावे.

कागदपत्रांत अमेरिकेचा वैध व्हिसा फार उपयोगी पडतो. त्यावर पुरेशी मुदत शिल्लक असेल तर पेरू भारतीय पर्यटकाकडे वेगळा व्हिसा मागत नाही, आणि ग्वाटेमालाची बरीच विमाने अमेरिकेतूनच जात असल्याने तिथे नुसते विमान बदलण्यासाठीही तो लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून दूतावासाकडून खात्री करावी.

शेवटचा मुद्दा पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचा, कारण तो बहुतेकांना फार उशिरा कळतो. पेरू पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे, ग्वाटेमाला नाही. पेरूहून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतातल्या विमानतळावर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. साठी ओलांडलेल्यांना ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका किंचित अधिक असतो, त्यामुळे सत्तरीतल्या आई-वडिलांना सोबत न्यायचे असेल तर पेरूची नोंदणी करण्याआधी डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि ते प्रतिकूल आले तर तिकालची दोन रात्रींची हॉटेले राखून टाकावीत.