टँकमध्ये कुठलं पाणी घालायचं: नळाचं, बोअरचं की आरओचं?

सांगलीत फिश टँक असलेल्या घरात बहुधा तीन प्रकारचं पाणी हाताशी असतं: कृष्णेचं नळाचं, सोसायटीच्या बोअरचं आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं. उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी नळाचं वापरावं, पण त्यातला क्लोरीन घालवून. बोअर चालतं, मात्र मग मासे बोअरला मानवणारे घ्यायचे. नुसतं आरओ कुणीच घालू नये.

आधी लिटरचा हिशेब. 2 बाय 1 बाय 1 फुटी टँक म्हणजे 60 × 30 × 30 सेंमी, म्हणजे 54 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं 45 लिटरच्या आसपास. आठवड्याला पाव भाग बदलायचा, म्हणजे 11-12 लिटर. एक बादली. महिन्यातून एकदा सगळा टँक रिकामा करून घासण्यापेक्षा ही एक बादली माशांना केव्हाही बरी.

नळाचं पाणी

यातली अडचण एकच, क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणं अपेक्षित आहे. आपल्या पोटाला ते चालतं, माशाच्या कल्ल्यांना भाजतं. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की क्लोरीनचा डोस वाढतो, आणि पुरानंतर तर नळ सोडताच वास येतो.

क्लोरीन घालवायचे दोन मार्ग. पहिला, पाणी उघडं ठेवणं: रुंद तोंडाच्या टबात 24 तास, शक्यतो एअर पंपाचा दगड सोडून. झाकणाच्या पिंपात भरून ठेवलेलं पाणी यात धरू नका, झाकलं की क्लोरीन तिथेच राहतो. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यावरही भिस्त नको. पाणी सोडायच्या दिवशी टाकीत ताजंच आलेलं असतं.

दुसरा मार्ग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. दुकानातल्या साध्या अँटिक्लोरीनच्या बाटलीत बहुधा हेच विरघळवलेलं असतं, त्यामुळे खडे आणणं स्वस्त पडतं. 10 ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून 100 मिली द्रावण करा. 10 लिटरला 1 मिली, म्हणजे साधारण 20 थेंब. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे 7 मिलिग्रॅम हायपो लागतं. या मापाने लिटरला 10 मिलिग्रॅम पडतं, म्हणजे 1.4 मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन निघतो. ढवळलं की दोन मिनिटांत काम होतं. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही. नळाला पाइप लावून थेट टँक भरत असाल तर डोस बादलीचा नाही, सगळ्या टँकच्या लिटरचा.

खात्री करायची तर ग्रामपंचायतीचा माणूस वापरतो ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट: चमच्याभर पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ते तपासलेलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका, ते रसायन विषारी आहे.

क्लोरीन राहिला तर तासाभरात मासे वर येऊन धापा टाकतात. त्यातून वाचले तरी तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं आणि पुन्हा मरतुक लागते. ती मरतुक अमोनियाची असते, कारण माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही क्लोरीनने मारलेले असतात. म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली कधी धुऊ नये. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवू नका. तुरटी पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) धरून ठेवणारे क्षार खाते. रात्रभर निवळत ठेवून वरचं घ्या.

बोअरचं पाणी

क्लोरीन नाही, बारमाही मिळतं आणि नळासारखी वेळ पाळावी लागत नाही. पण क्षार! सांगलीच्या ऊसपट्ट्यात क्षारपड जमीन आहेच, आणि बऱ्याच बोअरचं पाणी जिभेलाही मचूळ लागतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवणारं मीटर घ्या आणि मोजा. 300 ते 500 असेल तर निर्धास्त वापरा. 800-1000 च्या पुढे गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल मजेत राहतात, गोल्डफिशही निभावतो. मॉली तर मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातच जास्त कुरकुरते. जागच्या जागी थरथरू लागली की समजायचं. निऑन टेट्रा, डिस्कस, रॅम यांना मात्र हे पाणी देऊ नये. खतांमुळे शेताकडच्या बोअरला नायट्रेटही जास्त असू शकतं. शेवाळ आवरत नसेल तर संशय तिथे घ्या.

उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. रात्रभर हवा सोडली की पीएच वर जाऊन स्थिरावतो. थेट ओतू नका.

आरओचं पाणी

टीडीएस 20-50, दिसायला स्वच्छ, आणि फसवणूक तिथेच आहे. पीएच धरून ठेवणारे क्षार जवळजवळ नसल्याने माशांच्या विष्ठेने पीएच घसरतो, आणि तो घसरला की फिल्टरचे जिवाणू मंदावतात. त्यामुळे आरओ फक्त मिसळायला वापरा. बोअर 900 आणि आरओ 40 असेल तर निम्मं-निम्मं घेतल्यावर 470. आरओतून वाया जाणारं पाणी मात्र टँकला नको, सगळे क्षार त्यातच गोळा होतात. सांगलीत डिस्कस पाळायचा असेल तर या मिश्रणाला पर्याय नाही. त्यातही आरओचा वाटा बराच जास्त ठेवावा लागतो. गप्पीसाठी एवढा खटाटोप म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाया.

साताऱ्यात गणित उलटं असतं. शहराच्या ज्या भागात कासचं पाणी येतं तिथे ते मुळातच मऊ असतं, त्यामुळे टेट्राला ते आयतं. मॉली ठेवायची तर क्षार वाढवावे लागतात: 50 लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा टाकला की कार्बोनेट जडपणा (पीएच धरून ठेवणाऱ्या क्षारांचं माप) साधारण 4 अंशांनी चढतो. तोही एकदम टाकू नका, दोन-तीन दिवसांत विभागून विरघळवून घाला. डिसेंबरात नळाचं पाणी गारठलेलं असतं. टँकच्या आणि बादलीच्या तापमानात 2 अंशांहून जास्त फरक नको, गरम पाण्याचा तांब्या मिसळून जुळवा.

आतापर्यंत बोअरवर चाललेला टँक नळावर न्यायचा असेल तर एका दिवसात पाणी पालटू नका. दिवसाआड दहा टक्के, असं तीन आठवडे. दर वेळी मीटर टँकमध्ये बुडवून आकडा लिहून ठेवा. एका बदलात 50 हून जास्त उतरला तर पुढची बादली चार दिवसांनी.