आपोआप फुगणारे लाईफ जॅकेट : आठ महिन्यांचा वापर आणि मालवण बंदरातला शेवटचा अर्धा तास

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आपोआप फुगणारे लाईफ जॅकेट विकत घेतले आणि तेव्हापासून मेअखेरपर्यंत सुमारे ३५ दिवस ते समुद्रावर वापरले. त्यातले पाच दिवस आम्हा चार मित्रांच्या मुंबई ते मालवण या शिडाच्या बोटीवरील प्रवासाचे होते. जॅकेटची खरी परीक्षा त्याच प्रवासात झाली. ती भर समुद्रात होईल असे मला वाटत होते, पण ती झाली मालवणात नांगर टाकून झाल्यावर, प्रवास संपला असे आम्ही सर्वांनी मनोमन ठरवून टाकले होते त्या वेळी. म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर लिहीत आहे. निर्मात्या कंपनीचे नाव देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या कोणत्याही जॅकेटला लागू पडते.

यापूर्वी मी सहा वर्षे नारंगी रंगाचे, फोमचे जॅकेट वापरत होतो. त्यात बिघडण्यासारखे काहीच नसते, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु कोकण किनाऱ्यावर सकाळी दहानंतर ते अंगावर सहन होत नाही. छातीवरचा जाड फोम वाकताना आड येतो, घामाने पाठ भिजते आणि मग माणूस ते काढून कॉकपिटच्या, म्हणजे बोट चालवायला बसतात त्या खोलगट जागेच्या, कोपऱ्यात ठेवतो. मी स्वतः कितीतरी वेळा तसे केले आहे. नव्या जॅकेटचे वजन साधारण किलोभर आहे, ते गळ्याभोवती आणि छातीवर रुंद पट्ट्यासारखे बसते आणि तासाभरात अंगवळणी पडते. हे जॅकेट मी दिवसभर न काढता वापरू शकलो, हीच माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

त्याची क्षमता १५० न्यूटन आहे, म्हणजे ते पाण्यात साधारण १५ किलो वजन उचलून धरते. पोहता येणाऱ्या माणसाला नुसते तरंगण्यासाठी एवढ्याची गरज नसते, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला पाठीवर वळवून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवायचे असेल तर ही क्षमता लागते. आतल्या घडी घातलेल्या फुग्याला ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेला एक छोटा सिलिंडर जोडलेला असतो. माझ्या जॅकेटमध्ये पाण्यात विरघळणारी एक गोळी दाबलेल्या स्प्रिंगला अडवून धरते. पाणी लागले की काही सेकंदांत गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते, तिच्या रेट्याने सुई सिलिंडरचे तोंड फोडते आणि फुगा भरतो. गोळीने काम केले नाही तर ओढायला एक दोरी असते आणि तीही निकामी ठरली तर तोंडाने फुगवायची नळी असते.

आपल्याकडच्या हवेत या रचनेत एक उणीव आहे आणि ती मला नोव्हेंबरमध्येच कळली. दिवसभर तुषार झेलून ओले झालेले जॅकेट मी बोटीवरच्या बंद लॉकरमध्ये ठेवले आणि आम्ही झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास लॉकरमधून मोठा फट् आवाज झाला आणि पाठोपाठ वायू सुटल्याचा फुसकारा ऐकू आला. दार उघडले तर पिवळाधमक फुगा लॉकरभर दाटून बसला होता. नुसत्या दमटपणाने गोळी विरघळली होती. विक्रेत्याने विकताना याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, याचा मला आजही राग आहे, कारण त्या रात्री बोटीवर दुसरा सिलिंडर नव्हता आणि दुसऱ्या दिवशी ते जॅकेट मला तोंडाने फुगवून वापरावे लागले. या जॅकेटचा दुसरा एक प्रकार मिळतो, ज्यातली झडप पाण्याच्या दाबाने उघडते. तो महाग असतो, परंतु दमट हवेने किंवा नुसत्या तुषारांनी तो सुटत नाही. आज घ्यायचे झाले तर मी तोच घेईन.

त्यानंतर देखभालीची एक सवय मी लावून घेतली. प्रत्येक फेरीनंतर जॅकेट गोड्या पाण्याने धुताना गोळीचा भाग काढून बाजूला ठेवायचा आणि जॅकेट सावलीत उघड्यावर टांगून वाळवायचे. दर दोन महिन्यांनी फुगा तोंडाने भरून एक दिवस तसाच ठेवायचा आणि तो मऊ पडला नाही ना, हे दुसऱ्या दिवशी दाबून पाहायचे. सिलिंडर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, कारण त्याचे किमान वजन त्याच्या अंगावर कोरलेले असते आणि भरणे कमी झालेला सिलिंडर नुसता पाहून ओळखता येत नाही. सिलिंडर आट्यांतून सैल झाला आहे का, हेही हाताने फिरवून पाहावे लागते, कारण इंजिनाच्या थरथराटाने तो हळूहळू ढिला होतो. माझा एकदा जवळजवळ पाव फेरा सैल झालेला सापडला. एवढे करण्याची तयारी नसेल, तर हे जॅकेट घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

मुंबई ते मालवण हा फेब्रुवारीतला प्रवास सुमारे पावणेदोनशे सागरी मैलांचा होता. दिघी, हर्णै, जयगड आणि विजयदुर्ग असे मुक्काम करत आम्ही मालवणला उतरलो. पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघायचे, मधल्या वेळी वारा पडला की इंजिन लावायचे आणि दुपारनंतर वायव्येचा वारा धरला की पुन्हा शिडे उभारायची, असा रोजचा क्रम होता. जयगड ते विजयदुर्ग हा सुमारे ४५ मैलांचा सर्वांत लांब टप्पा असल्याने आम्ही पहाटे चारला, काळोखातच नांगर उचलला. जॅकेटच्या छातीवरच्या कडीला सुरक्षा दोरी अडकवून मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसलो होतो आणि मासेमारीच्या जाळ्यांचे बोये टॉर्चच्या उजेडात शोधत होतो. बोट एकदा आडवी हेलकावली तेव्हा ती दोरी ताणली गेली आणि मी जागच्या जागी राहिलो. जॅकेटलाच हार्नेस, म्हणजे सुरक्षा दोरी अडकवायचा पट्टा, जोडलेला असणे किती सोयीचे आहे, हे त्या पहाटे पुरते पटले. तक्रार एकच होती, ती म्हणजे मिठाने ताठरलेली कडा मानेला घासून तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटली. कॉलरचा सुती सदरा घालू लागल्यावर तो त्रास थांबला.

पाचव्या दिवशी दुपारी सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट दिसू लागला. कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचे बांधकाम सुरू करवले. त्याच्या भोवतालचे पाण्याखालचे खडक पाहिले की ही जागा का निवडली, ते बोटीतून जाणाऱ्याला नकाशावाचूनही कळते. अनोळखी माणसाने त्या खडकांतून वाट काढण्याचे धाडस करू नये. आम्ही आधीच फोनवर बोलून ठेवलेल्या स्थानिक होडीवाल्यामागे, शिडे उतरवून, अगदी मंद गतीने आत गेलो आणि साडेचारच्या सुमारास तीन-साडेतीन मीटर पाण्यात नांगर टाकला. इंजिन बंद केल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. आमच्यातल्या डॉक्टर मित्राने लगेच जॅकेट काढले, कारण फोटोत त्याला ते नको होते. मीही बकलाला हात घातला होता, पण धक्क्यावर न्यायची पिशवी आधी भरून घ्यावी म्हणून ते तसेच राहिले. त्यामागे माझी कसलीही सावधगिरी नव्हती.

होडीवाला आम्हाला न्यायला बाजूला आला. एक पाय बोटीच्या कडेवर, एक होडीत आणि खांद्यावर पिशवी, अशा स्थितीत मी असताना पर्यटकांना घेऊन निघालेली एक वेगवान बोट जवळून गेली. तिच्या लाटेने आमची बोट आणि होडी एकमेकींपासून दूर सरकल्या आणि मी दोहोंच्या मधल्या पाण्यात पडलो. डोके पाण्याखाली गेले, चष्मा गेला, पिशवीचा पट्टा हातात गुंतला. तीन ते चार सेकंद गेले असावेत. मग छातीजवळ काहीतरी तडकल्यासारखे झाले, मानेमागे जोराचा दाब आला आणि माझी हनुवटी वर उचलली गेली. मी पाठीवर होतो आणि आकाश दिसत होते. मला पोहता येते, तरीही त्या क्षणी पोहण्याचे सुचले नसते, कारण दोन बोटींच्या मध्ये सापडून डोके आपटण्याची भीती मोठी होती. होडीवाल्याने वल्ह्याने होडी लांब रेटली, दोरी फेकली आणि ओरडला, "दोरी सोडू नकात!"

फुगलेल्या जॅकेटची एक अडचण इथे लक्षात आली. छातीवर एवढा मोठा फुगा असताना माणूस स्वतःहून होडीत चढू शकत नाही, हात कडेपर्यंत पोहोचतच नाहीत. दोघांनी मिळून जॅकेटच्या उचलण्याच्या फासाला धरून मला वर ओढले. जांघेतून घेतलेला पट्टा मी त्या दिवशी बांधलेला होता, म्हणून जॅकेट अंगावरच राहिले, नाहीतर ओढताना ते डोक्यावरून निघून आले असते. हा पट्टा बरेच जण अडचणीचा म्हणून लोंबकळत ठेवतात. माझ्या मते तो नसेल तर जॅकेटवर खर्च केलेल्या पैशांचा निम्माही उपयोग नाही.

संध्याकाळी चिवला किनाऱ्याजवळच्या मुक्कामी जॅकेट गोड्या पाण्याने धुतले, नळीतून वायू काढून टाकला आणि व्हरांड्यातल्या दोरीवर टांगले. वाळायला दीड दिवस लागला. नोव्हेंबरच्या धड्यामुळे या वेळी सिलिंडर आणि गोळीचा एक संच सोबत होता. तो बसवून, जॅकेटवरच्या छोट्या पारदर्शक खिडकीतली खूण हिरवी दिसते याची खात्री करून, मी सगळी घडी पुन्हा घातली. ही घडी पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणेच घालावी लागते, घाईत घातली तर फुगा अडकण्याची शक्यता असते. जॅकेट सुमारे १४ हजारांना पडले होते आणि प्रत्येक नवा संच अडीच हजारांच्या घरात जातो. संच आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि विमानाने आणायचे तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी लागते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच दोन संच मागवून ठेवावेत.

माझे जॅकेट वाळत असताना, दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवासी होडीने किल्ला पाहायला गेलो, तेव्हा मला सर्वांसारखे फोमचे जॅकेट मिळाले. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीसाठी तेच योग्य आहे, कारण रोज शेकडो अनोळखी माणसांच्या अंगावर चढणाऱ्या जॅकेटचा सिलिंडर कोण तपासणार? फक्त त्याची बकले लावलेली हवीत. आमच्या होडीत निम्म्या लोकांनी ती लावली नव्हती. मी शेजारच्या कुटुंबाला विनंती केली, तेव्हा त्यांनी मुलांची बकले लावली आणि मग स्वतःचीही.

मार्चमध्ये समोरचा वायव्य वारा अंगावर घेत आम्ही बोट परत आणली. तो प्रवास जातानाच्या प्रवासापेक्षा बराच कष्टाचा झाला. डॉक्टर मित्राने मधल्या काळात दाबाने उघडणाऱ्या झडपेचे जॅकेट मागवले होते आणि मांडव्याच्या जेटीच्या पायऱ्या चढून वर आल्यावरच त्याने ते काढले.

पावसाळ्यासाठी बोट आता किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे. जॅकेट घरी कपाटात रुंद हँगरवर टांगले आहे, सिलिंडर काढून ठेवला आहे आणि गोळी ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. कोणी चुकून ते तसेच उचलून नेऊ नये म्हणून बकलाला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधली आहे : "गोळी आणि सिलिंडर बसवलेले नाहीत."