सात नावांतली दोन त्याची होती

संस्था नोंदवून देणाऱ्या एका सल्लागारानं आम्हाला फसवलं. आकडा आधीच सांगते, 2,95,000 रुपये. त्यातले 1,08,500 आम्ही आमच्या हातानं मोजून दिले. उरलेले 1,86,500 संस्थेच्या खात्यातून, संस्थेच्याच चेकनं, रीतसर सह्यांनिशी गेले. या दुसऱ्या रकमेबद्दल पोलीस मला अजूनही विचारतात, "मॅडम, यात फसवणूक कुठाय?"

मी 34 वर्षं हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवलं. हसायचं असेल तर हसून घ्या, घरचे हसून झालेत.

निवृत्तीनंतर गावात मुलींसाठी अभ्यासिका काढायची होती. आम्ही नऊजण होतो. कुणीतरी म्हणालं, संस्था नोंदवा, मग देणगीही येईल आणि कंपन्यांचा सीएसआरही, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेला पैसा. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका सल्लागाराकडे गेलो. वकील नाही, सीए नाही, नुसताच सल्लागार. भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो आणि टेबलावर इतर संस्थांच्या फायलींचा हा एवढा ढीग. तो ढीग बघूनच विश्वास बसला, खोटं कशाला बोलू. आता वाटतं, दुसऱ्यांच्या मूळ फायली त्याच्याकडे का पडून होत्या, हे एकीनं तरी विचारायला हवं होतं.

संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात सदस्य लागतात आणि आपल्याकडे तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही नोंदवतात, हे या वाटेला गेलेल्यांना माहीत असतं. आमच्या नऊपैकी दोघींच्या आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं, म्हणून त्या अडल्या. दोघे सरकारी नोकरीतले, खात्याची परवानगी कोण काढणार म्हणून मागे सरले. राहिलो पाच.

जून 2023 मधली दुपार. त्यानं कार्यकारी मंडळाचा तक्ता पुढे सरकवला. पूर्ण नाव, पद, वय, राष्ट्रीयत्व, व्यवसाय, पत्ता. पहिल्या ओळीत माझं नाव टाइप करून तयार आणि पुढे 'अध्यक्ष'. दुसरी-तिसरी ओळ कोरी, पण त्यात पदं मात्र आधीच भरलेली. सचिव आणि खजिनदार. म्हणाला, "मॅडम, मानाचं पद तुमचं. कटकटीची दोन पदं आपली माणसं बघतील. नुसत्या सह्यांपुरती, नंतर बदल अर्ज टाकून काढून घेऊ. थांबायचं म्हणालात तर तारीख पुढे जाईल."

पेन माझ्या हातात होतं. अध्यक्ष हा शब्द वाचून मला बरं वाटलं होतं, हे इथे पहिल्यांदा कबूल करतेय. अहो, पॅन दुरुस्त करायला पंधरा-वीस दिवस लागले असते. फार तर महिना. घरी बसलेल्या निवृत्त बाईला कसली घाई होती? पण मी पानापानावर सही केली. सगळ्या अर्जांवर मोबाइल नंबर आणि ईमेल त्याचा घातला होता, 'ओटीपीसाठी तुम्हाला कुठे त्रास' म्हणून. तेही मी वाचलं आणि चालेल म्हटलं.

पैशांचा हिशेब असा. बयाणा 11,000. नोंदणीचे 24,000. 12ए आणि 80जीचे, म्हणजे संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळायच्या नोंदणीचे, 30,000. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्था नोंदवायचे 6,500. डिजिटल सही आणि सीएसआर-1चे, म्हणजे सीएसआर घेण्यासाठी संस्थेनं भरायच्या अर्जाचे, 12,000. कुठल्याशा कंपनीकडून 25 लाख मंजूर होताहेत म्हणून एक टक्का फाइल चार्ज, 25,000. नंतर एका सीएंनी सांगितलं की दर्पणला शुल्क नाही, 12ए-80जीसाठीच्या 10ए अर्जाला नाही, सीएसआर-1लाही सरकारी शुल्क नाही. अर्ज भरायची मजुरी कुणी घ्यावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण यानं ती 'सरकारी फी' म्हणून घेतली आणि पावती एकाही रुपयाची दिली नाही. सरकारी फी म्हणणाऱ्याकडे चलन मागा. तो खिसे चाचपायला लागला तर उठा.

आणि तो सीएसआर! जानेवारी 2021 मध्ये नियम बदलले. कंपनीला आपल्यासारख्या बाहेरच्या संस्थेमार्फत पैसा खर्च करायचा तर त्या संस्थेच्या पाठीशी किमान तीन वर्षांचं काम लागतं. आमची संस्था तेव्हा चार महिन्यांची होती. म्हणजे ते 25 लाख येणं शक्यच नव्हतं. नव्या संस्थेला सीएसआर आणून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, एवढ्यावर ओळखा.

खात्याचं तर ऐकाच. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, असा ठराव. मला वाटलं, सोयीचं आहे, मी गावाला गेले तरी काम अडणार नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या देणग्यांचे 2,04,300 जमले. सुताराला टेबलांची उचल द्यायची म्हणून मार्च 2024 मध्ये बँकेत गेले, पासबुक मशीनमध्ये घातलं. शेवटच्या ओळीत शिल्लक 17,800. मला वाटलं मशीनची शाई गेली असेल, आकडा अर्धाच उमटला असेल. पुन्हा घातलं तर मशीननं तसंच परत दिलं, छापायला नवीन काही नव्हतं. एसएमएस त्याच्या नंबरवर जात होते.

चेक सचिव-खजिनदारांच्या सह्यांचा. आधार म्हणून 'सल्ला शुल्क' मंजूर केल्याचा सभेचा ठराव. ती सभा झालीच नव्हती. पण सभांच्या नोंदींचं प्रोसिडिंग बुक त्याच्या कपाटात, मग झाली नाही हे मी कशावरून दाखवू?

पोलीस ठाण्यात पाच खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा म्हणाले, विश्वस्तांचा आपसातला वाद आहे, दिवाणी आहे, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा नवा फौजदारी कायदा लागू झालेला. ठाणे अंमलदार आणि शेजारचा हवालदार यांच्यात फसवणुकीचं जुनं कलम 420 लावायचं की नवीन 318, यावर चांगली वीस मिनिटं चर्चा झाली. लावलं दोन्हींतलं एकही नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे विचारलं, पैसे ऑनलाइन गेलेत का? चेकनं गेलेत म्हटल्यावर आमचं काम नाही.

धर्मादायच्या कार्यालयात आणखी तऱ्हा. बाबू म्हणाले, "विश्वस्तांच्या नोंदीच्या परिशिष्टावर दोघांची नावं आहेत, म्हणजे ते विश्वस्त आहेत. काढायचं तर त्यांचा राजीनामा आणा आणि कलम 22 खाली बदल अर्ज टाका." चोराकडून राजीनामा आणायचा! मग कुणीतरी कलम 41 ड सांगितलं, विश्वस्ताला निलंबित करण्याचं, काढून टाकण्याचं. अर्ज केला. पहिल्या तारखेला नोटीस बजावली गेली नव्हती. दुसऱ्या तारखेला समोरचा वकील आजारी. तिसऱ्याला साहेबांची बदली. चौथ्याला नव्या साहेबांनी फाइल वाचली नव्हती, तसं ते मोकळेपणानं म्हणाले तरी. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं, झेरॉक्स, आणि "तुमचीच सही आहे ना बाई?" हा प्रश्न. हो, माझीच आहे. म्हणून काय चोरी माफ?

आणि कार्यालयाबाहेरच्या टपरीवरच्या चहावाल्यालाही ही दोन नावं पाठ आहेत. तो म्हणाला, "ते होय? ते लय संस्थांवर हायती." जे चहावाल्याला ठाऊक, ते आत रोज फायली हाताळणाऱ्यांना दिसत नसेल?

तुमच्या संस्थेचं परिशिष्ट 1 उद्याच काढून बघा. मंडळात एकही अनोळखी नाव नको, सात भरत नसतील तर थांबा. आयकर पोर्टलचा पासवर्ड, डिजिटल सहीचा टोकन आणि प्रोसिडिंग बुक स्वतःच्या कपाटात ठेवा. बँकेत मोबाइल नंबर स्वतःचा द्या. माझ्या नवऱ्यानं हे सगळं मला तेव्हाच सांगितलं होतं, असं तो आता म्हणतो. सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिनं 5,000 दिले होते. "बाई, 80जीची पावती मिळेल का?" त्यासाठी संस्थेनं 31 मेपर्यंत आयकरच्या पोर्टलवर 10बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरण, भरायचं होतं. पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या फोनवर. मी म्हटलं, पावती नाही देता येत, तुझे पैसे परत पाठवते. ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "राहू द्या बाई, टेबलं आली ना पण?"