कोथरूडचा रिसेल फ्लॅट, गृहकर्ज आणि स्वतःचा वकील: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींना या आठवड्यातच विसार द्यायचा असेल. बँकेचा वकील कागद तपासणार असला, तरी आपला स्वतःचा वकील लावा. त्याची फी हा या सगळ्या व्यवहारातला आमचा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च होता.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही कोथरूडमध्ये ३० वर्षं जुन्या सोसायटीतला टू बीएचके घेतला. किंमत ८० लाख, कर्ज एका बँकेचं. फ्लॅट बघायला सुरुवात केल्यापासून एजंटपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, "बँकेनं लोन पास केलं ना, मग कागद क्लिअर आहेत." हे अर्धंच खरं आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील ३० वर्षांचा सर्च घेतो, म्हणजे तेवढ्या काळाच्या नोंदी तपासतो, करारनाम्यांची साखळी जुळवतो, फ्लॅटवर दुसरा बोजा नाही ना ते बघतो. आमच्या बाबतीत त्यांनी हे काम चोख केलं. पण ते बघतात ते एवढंच, की उद्या हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून बँकेची रक्कम वसूल होईल का. तुम्ही तिथे पुढची २५ वर्षं राहणार आहात, हा त्यांचा विषय नाही. सर्चची फी आमच्याकडूनच घेतली, अहवाल मात्र "अंतर्गत आहे" म्हणून आम्हाला दिला नाही.

आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "सोसायटीचं कन्व्हेअन्स झालंय का?" म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे झालीय का. बँकेत हा प्रश्न कुणीही काढला नव्हता. त्यांनी मालमत्ता पत्रक मागवलं. त्यावर जमीन अजून मूळ मालकांच्याच नावावर होती. म्हणजे फ्लॅट करारनाम्यानं विकणाऱ्या काकांचा, इमारत सोसायटी सांभाळते आणि खालची जमीन मात्र तिसऱ्याचीच. मोफा कायद्यानुसार, म्हणजे १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यानुसार, वेगळी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून ४ महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. पुण्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांत ते झालेलंच नाही. एवढ्यावरून घर सोडू नका, असं वकीलबाईंनीच सांगितलं. पण पुनर्विकासाचा विषय निघाला की येणारा बिल्डर पहिल्यांदा हेच विचारतो, आणि शिल्लक एफएसआय, म्हणजे त्या जमिनीवर अजून बांधकाम करायचा हक्क, कुणाचा यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. त्या माहितीवर आम्ही किंमत थोडी कमी करून मागितली. काकांनीही ते समजून घेतलं.

तुमच्या इमारतीत सोसायटीऐवजी 'अपार्टमेंट' असेल, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंद असेल, तर प्रश्न बदलतो. तिथे विक्रेत्याच्या नावानं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे त्या अपार्टमेंटच्या मालकीचा दस्त, नोंदलंय का ते बघा. पुण्यात हे दोन्ही प्रकार एकाच गल्लीत सापडतात.

सगळ्यात जास्त धाकधूक झाली ती काकांच्या चालू कर्जाची. त्यांचे मूळ कागद दुसऱ्या बँकेत गहाण होते. अशा वेळी विक्रेत्याच्या बँकेकडून दोन कागद आधी हातात घ्या: फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेला नेमके किती पैसे भरले की कर्ज संपतं त्याचं पत्र, आणि त्यांच्या ताब्यात असलेल्या मूळ कागदांची यादी. ती यादी वकीलबाईंनी ओळ न ओळ वाचली. पहिल्या मालकाच्या करारनाम्यासोबतची नोंदणी पावती त्यात नव्हती. तेवढ्यावरून त्यांनी काकांना बँकेला पत्र लिहायला लावलं आणि पावती जुन्या फाइलमध्ये सापडली. सापडली नसती तर पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रती, असा सगळा फेरा होता. आमच्या बँकेनं पैसे थेट त्यांच्या बँकेत भरले. काकू रोज फोन करून विचारायच्या, "अगं, कागद आले का?" इथे एक नियम माहीत हवा: कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केलंय. काकांनी अर्जात या नियमाचा उल्लेख केला आणि कागद वेळेत आले.

पैशांच्या बाबतीत लोक फसतात ते एकाच ठिकाणी. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, त्यापुढच्या कर्जात ७५, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, शिवाय ३०,००० नोंदणी फी. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटला १६ लाख स्वतःचे, वर ५ लाख ९० हजार. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम वेगळा. महापालिका हद्दीत तो प्रीमियम २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही, "बिल्डिंग फंडाला द्या" म्हणून कुणी जास्त मागितले तरी.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर ती मिळत नाही. आमचे ८०,००० वाचले असते, पण मग मालकी नसल्यानं यांना जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट घेता आली नसती. दोघांचे पगार आणि हप्त्यातला वाटा बघून आम्ही दोघांची नावं घातली. प्रत्येकानं आपलं गणित करून बघावं. आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे. विक्रेता परदेशस्थ असेल तर नियम पूर्ण वेगळे, तिथे सीएकडे गेल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता बँकेबद्दल. मंजुरी लवकर मिळाली, माणसं बोलायला चांगली. नाराजी एकाच गोष्टीवर: कर्जाच्या रकमेतच एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा घालून दिला आणि "कम्पलसरी आहे" म्हणून सांगितलं. असा विमा घ्यायलाच हवा असा कायदा नाही. आम्ही लेखी विचारलं, "हे कुठल्या नियमानं?" दुसऱ्या दिवशी तो काढून टाकला. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, द्यावंच लागतं. सगळ्या फिया धरून खरा वार्षिक दर त्यातच दिसतो. दोन बँकांची तुलना करायची तर जाहिरातीतला दर बाजूला ठेवून हा कागद समोर घ्या.

दर रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते त्याच्याशी, जोडलेला घेतला, ते फार बरं झालं. २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. आमचा दर तीन महिन्यांच्या रिसेटनुसार उतरला, हप्ता मात्र तेवढाच राहिला आणि मुदत कमी झाली. आम्हाला हेच हवं होतं. ६० लाखांचं २० वर्षांचं कर्ज ८.५ वरून ७.५ टक्क्यांवर आलं तर हप्ता साधारण ५२,१०० चा ४८,३०० होतो, आणि हप्ता तोच ठेवला तर सुमारे ३ वर्षं आधी कर्ज फिटतं. ज्यांना महिन्याची ओढाताण आहे त्यांनी हप्ता कमी करून मागावा, पण अर्ज आपणच करावा लागतो. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी पैसे भरल्याचा दंड नसतो, त्यामुळे बोनस आला की थोडं मुद्दल फेडतोय.

राहायला आल्यावर वीजबिलावर नाव लावणं सोपं गेलं. मिळकतकरात मात्र स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत पुढे चालू आहे का, हे महापालिकेच्या बिलावर बघून घ्या. नसेल तर पीटी-३ अर्ज भरा.

सोसायटीच्या गेल्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला आणि कन्व्हेअन्सचा प्रश्न अखेर सगळ्यांसमोर आला. बिल्डर दाद देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्सचा, अर्ज करता येतो. सध्या कमिटी प्रत्येक फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश उतारा, गोळा करतेय. ज्यांच्याकडे इंडेक्स टू नाही, त्यांनी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दस्ताचा नंबर शोधावा. तिथे जुनी नोंद दिसली नाही तर हवेलीच्या संबंधित दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मागता येते. आमच्या सोसायटीत काही घरांची कागदपत्रं अजून यायची आहेत, ती आली की अर्ज दाखल होईल.