काला कॉटन, झाडापाल्याचे रंग आणि तुकड्यांचं जॅकेट: बरेच महिने वापरल्यावर

मागच्या उन्हाळ्यापासून तीन छोट्या सस्टेनेबल लेबल्सचे कपडे नेमाने वापरतेय. एक काला कॉटनचा शर्ट, दोन कुर्ते नैसर्गिक रंगातले (एक डाळिंबाच्या सालीचा पिवळा, एक इंडिगो) आणि एक जॅकेट, गारमेंट फॅक्टरीत उरलेल्या तुकड्यांचं. नावं मुद्दाम देत नाहीये, तिघंही नवीन आहेत आणि जे खटकलं ते कोणा एकाचं नाही, इतर नव्या लेबल्सचे कपडे घेतलेल्या मैत्रिणीही हेच सांगतात. सरळच सांगते, कापड आणि रंग यावर ही मंडळी जीव ओतून काम करतात, पण शिलाईकडे तितकं लक्ष देत नाहीत.

आधी शर्ट, कारण तो मला सगळ्यात जास्त आवडलाय. काला कॉटन म्हणजे कच्छमधला जुना देशी कापूस, फक्त पावसाच्या पाण्यावर येतो, कीड फारशी लागत नाही म्हणून फवारणीही जवळपास नाही. धागा मात्र आखूड. मोठ्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस लागतो त्यामुळे याला विचारणारं कोणी राहिलं नव्हतं, मग भुजजवळच्या कुकमा गावातल्या खमीर संस्थेने शेतकरी, सूत कातणारे आणि विणकर अशी साखळी परत जोडली. आखूड धाग्यामुळे सूत जाड निघतं आणि कापडावर बारीक गाठी दिसतात, त्या दोष नाहीत. पहिल्यांदा घातला तेव्हा इतका कडक होता की मानेला टोचत होता, चारपाच धुण्यांनंतर जो मऊ झाला तो अजून होतोच आहे! मेच्या उन्हात बसने यायचं-जायचं, घाम येतो पण कापड अंगाला चिकटत नाही, ऑफिसात पोचेपर्यंत पाठ सुकलेली असते. किंमत 2,800, महाग आहेच, पण कॉलर अजून झिजली नाही आणि रंगही उडाला नाही (मूळ कापसाचाच रंग आहे म्हणा, रंगवलेला नाहीच).

आता कुर्ते. इंडिगोचा कुर्ता सुरुवातीला पांढऱ्या बॅगेच्या पट्ट्याला निळा करून गेला, लेबलने चिठ्ठीत तसं लिहिलं होतं, आणि काही धुण्यांनी ते थांबलं. पिवळ्याची गोष्ट जास्त सांगण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले आणि दोन-तीन धुण्यांतच कुर्त्यावर हिरवट-करडे ढग उमटले, पाठीवर जास्त, जिथे कापड बादलीच्या तळाशी होतं. मला वाटलं साबण बाधला. लेबलला फोटो पाठवले तर रंगकाम बघणाऱ्या बाईंनी स्वतः फोन केला, "ताई, पाण्यात लोह आहे का?" डाळिंबाच्या सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं, लोहाशी गाठ पडली की ते काळपटतं. अजरखमधला (कच्छची ठशांची कापडछपाई) काळा रंगही लोखंडाचाच, गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून करतात. आणि 2001 च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावाच्या पाण्यात लोह वाढलं म्हणून तिथल्या अजरख छापणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी अजरखपूर हे नवं गाव वसवलं, म्हणजे पाण्यासाठी अख्खं गाव हलतं इतकी ही गोष्ट मोठी, हे मला त्या फोननंतर वाचताना कळलं. लेबलने 400 रुपयांत कुर्ता परत रंगवून दिला, या वेळी थेट लोहाच्या पाण्यातून काढून छान राखाडी. आता टँकरचं पाणी आलं तरी त्याला काही फरक पडत नाही. असली सेवा मॉलमधल्या कुठल्या ब्रँडकडून मिळेल सांगा.

धुण्याचं म्हणाल तर रिठ्याचं पाणी किंवा सौम्य लिक्विड, सावलीत उलटा करून वाळवणं, बस्स. आमच्या मावशींना एकदाच सांगितलं, निळ्या साबणाची वडी यांना लावायची नाही, त्या आता माझ्यापेक्षा जास्त जपतात.

जॅकेटवर मात्र मी नाराज आहे. कल्पना मस्त आहे, दिल्लीचं डूडलेज किंवा आपल्या पुण्यातलं का-शा ही लेबल्स टाकाऊ कापडातून किती देखणं काम करतात ते बघूनच मला हा नाद लागला. मी घेतलेलं जॅकेट दिसायला तसंच सुंदर, करवंटीची बटणं, आतून जुन्या साडीचं अस्तर. पण दिवाळीच्या आसपास काखेत उसवलं, मग खांद्यावर. कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे नेलं तर त्यांनी उलटं करून दाखवलं, "कापड एक नंबर आहे ताई, पण माया ठेवलीच नाहीये, मी टीप घालू कशात?" खरंच, माया म्हणजे शिलाईच्या आत सोडतात ते जादा कापड, ते पाव इंचसुद्धा सोडलेलं नव्हतं. तुकडे आधीच लहान, त्यात प्रत्येक सुताचा वापर करायचा हट्ट, म्हणून मायेवर कात्री. काकांनी आतून पट्टी लावून दिलं. जो कपडा दुरुस्तच करता येत नाही तो वर्षभरात कचऱ्यात जाणार, मग तुकडे वाचवून काय मिळवलं? लेबलला सविस्तर मेल केला, उत्तर आलं "फीडबॅकबद्दल धन्यवाद", पुढे काही नाही.

आणखी एक, बांबूचे म्हणून जे टीशर्ट खपवतात ते जपून घ्या. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून धागा काढतात, बहुतेक वेळा तो व्हिस्कोसच असतो आणि त्यात कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन वापरलं जातं. 2022 मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या दुकान-साखळ्यांवर व्हिस्कोसला बांबू म्हणून विकल्याबद्दल कारवाई झाली. आपल्याकडेही ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध (पर्यावरणपूरक असल्याचे खोटे दावे) केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आलीत, त्यामुळे "इको-फ्रेंडली" लिहिलं असेल तर कशाच्या आधारावर ते बिनधास्त विचारा. ऑरगॅनिक म्हणत असतील तर गॉट्सचं (GOTS, सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र विचारा, नुसतं ऑरगॅनिक लिहायला किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो, 70 टक्क्यांच्या पुढे असेल तर वेगळं लेबल असतं. तपकिरी कागदी पिशवी आणि बियांचं कार्ड बघून काही ठरवू नका.

साइझचं सगळीकडेच बेभरवशाचं आहे, माप मागवून मगच ऑर्डर करा, आणि हातात आल्यावर आधी उलटा करून माया बघा, परत करायची मुदत तोवर असते. शर्ट आणि कुर्ते मी नक्की परत घेईन, जॅकेट त्या लेबलकडून नाही. काला कॉटन घेणार असाल तर पावसाळा संपल्यावर घ्या, जाड सूत आहे, जुलैमध्ये पंख्याखाली टाकूनसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास बसतो.