थायरॉइड कॅन्सरची सेल लाइन: स्वतः उभी करावी की तयार घ्यावी?

संभाजीनगर असो की नांदेड, थायरॉइड कॅन्सरवर पीएचडीला बसलेल्यांपुढे हा पेच येतोच: सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत ठेवता येणाऱ्या पेशी, रुग्णाच्या गाठीतून स्वतः उभी करावी की तयार घ्यावी? माझं मत आधीच सांगतो: हाताशी तीन-चार वर्षंच असतील, तर तयार लाइन घ्या.

आपल्याच भागातल्या रुग्णाच्या पेशींची लाइन असावी, ही ओढ मला पटते. पण पॅपिलरी गाठ, म्हणजे थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, मुळात सावकाश वाढणारी. तिचे बारीक तुकडे करून कोलॅजिनेझने (ऊती विरघळवणाऱ्या एन्झाइमने) पेशी सुट्या केल्या, फ्लास्कमध्ये लावल्या, की सुरुवातीला गोलसर पेशींचे पुंजके तळाला छान धरतात. मग त्यांच्या कडेने लांबट, टोकदार फायब्रोब्लास्ट (गाठीतल्या आधार-ऊतीच्या, कॅन्सर नसलेल्या पेशी) डोकं वर काढतात आणि काही पॅसेजनंतर, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या काही फेऱ्यांनंतर, फ्लास्कभर तेच उरतात. अ‍ॅनाप्लास्टिक या अतिआक्रमक प्रकारच्या गाठीच्या पेशी त्या मानाने जोमाने वाढतात, पण तसे रुग्णच विरळा. त्यात एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाला समजेल अशा मराठीत संमतीपत्र हवंच. इन्क्युबेटरला ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड अखंड लागतो. लाइट गेल्यावर बॅकअप किती तास टिकतो, ते आधी बघा. पेशी गोठवून साठवायला लागणाऱ्या द्रव नायट्रोजनची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यातही करता येईल, गुरांच्या रेतमात्रा त्यातच ठेवतात.

तयार लाइनमध्ये खरा धोका ओळखीचा. २००८ साली ४० थायरॉइड लाइन्सचा डीएनए तपासला, तेव्हा वेगवेगळ्या अशा फक्त २३ निघाल्या. थायरॉइडची समजली जाणारी एआरओ ही लाइन प्रत्यक्षात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची एचटी-२९ होती, तर एनपीए मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरची. तोवर दोन्हींवर थायरॉइडच्या नावाने शोधनिबंध छापून आले होते. त्यामुळे शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उसना आणू नका, मैत्री कितीही जुनी असो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारात हवी ती लाइन आहे का विचारा, आणि आल्या आल्या एसटीआर (लाइनची ओळख पटवणारी डीएनए तपासणी) व मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारे जिवाणू) तपासणी करून घ्या.

कोणती लाइन घ्यायची ते विषयावर ठरतं: बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल हवा असेल तर बीसीपीएपी किंवा ८५०५सी, आरईटी-पीटीसी१ या जनुकीय बदलासाठी टीपीसी-१, फॉलिक्युलर प्रकारच्या कॅन्सरसाठी एफटीसी-१३३. मेड्युलरी प्रकारची टीटी ही लाइन फार हळू वाढते, वेळापत्रकात तेवढी सवड ठेवा.

एका प्रश्नाला मात्र तयार लाइन अपुरी पडते. कल्चरमध्ये राहून बहुतेक लाइन्सनी आयोडीन ओढून घेण्याचा थायरॉइडचा गुण गमावलेला आहे. तुमचा विषय रेडिओआयोडीनचा (उपचारात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचा) असेल, तर ऑपरेशनच्या ताज्या तुकड्यापासून अल्पकाळाचं प्रायमरी कल्चर (थेट रुग्णाच्या पेशींचं कल्चर) करा आणि फायब्रोब्लास्ट माजण्याआधी प्रयोग उरका.