वेस्ट एशियाची वीकेंड बॅच: शिकवणं एक नंबर, नोट्स मात्र सुधारा

यूपीएससीला इंटरनॅशनल रिलेशन्स करणाऱ्यानं संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातली ही बॅच लावावीच असं माझं मत आहे. बाकी ठिकाणी पॅलेस्टाईनची हमास म्हणजे इराणचं प्यादं, तालिबान म्हणजे पाकिस्तानचं, एवढं लिहून देतेत अन् पुढं सरकतेत. इथं सर आधी संघटनेच्या आत कोण कोणाच्या विरोधात आहे ते फळ्यावर मांडतेत, मग बाहेरचे देश आपोआप कळतेत.

हमासचं लेक्चर तर लईच भारी. सीरियाच्या यादवीत तिथला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अन् इराणचा दोस्त असद याच्या बाजूनं उभं राहायचं नाही म्हणून २०१२ ला हमासचा तेव्हाचा प्रमुख खालेद मशाल सीरियातलं दमास्कस सोडून कतारच्या दोहाला गेला, त्यावरून इराणशी बिनसलं, पण गाझातल्या लढणाऱ्या गटाला पैसा अन् शस्त्रं इराणकडूनच येत होती म्हणून ते काय संबंध तोडायला तयार नव्हते, मग २०१७ ला मशालच्या जागी हनिया आला, गाझाचा प्रमुख म्हणून सिनवार आला, तेहरानशी परत जुळलं आणि ऑक्टोबर २०२२ ला शिष्टमंडळ असदला भेटायला गेलं पण. तालिबानचा म्होरक्या मुल्ला उमर २०१३ ला वारला अन् ते २०१५ पर्यंत लपवलं, त्यावरून तालिबानात किती फाटलं तेही मस्त सांगितलं.

आता नोट्स. इजिप्तच्या मुस्लिम ब्रदरहूड संघटनेची स्थापना १९३८ छापलीय, हसन अल-बन्नानं ती १९२८ ला इस्माइलियात काढली, प्रिलिमला असल्या सालावर मार्क जातेत. ट्युनिशियाच्या एन्नाहदाला एक ओळ! २०१६ ला धर्मप्रचार अन् राजकारण वेगळं केलेला पक्ष आहे तो, बंदुकीवाल्यांना दोन तास देता तर मतपेटीवाल्यांना पण द्या ना.

आणि मराठवाड्यात बसून रझाकारांवर एक शब्द नाही हे मला खरंच खटकलं. ऑक्टोबर १९४७ ला निजामाचं शिष्टमंडळ भारताशी जैसे थे करार करायला दिल्लीला निघालं तर इत्तेहादच्या (रझाकार ज्या पक्षाचे होते त्या) जमावानं घरं घेरून त्यांना अडवलं, छतारीचे नवाब हैदराबादच्या पंतप्रधानपदावरून गेले, मीर लायक अली आले, आणि हे घडवणारा रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आपल्या लातूरचा वकील. खुद्द निजामाला आपल्याच पाठीराख्यांपुढं नमावं लागलं. याच्या विरोधात लिहिणारा पत्रकार शोएबुल्ला खान पण मुसलमानच होता, ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत त्याला मारलं. आपल्या पोरांना हे माहीत पाहिजे राव.

पुढच्या बॅचला हे लेक्चर वाढवा, अन् जालना-परभणीची पोरं येतेत त्यांच्यासाठी रविवारी पाचच्या आत सोडा, गाडी हुकती.